वाट अडवून बसलेले किल्ले

आओस्ताच्या खोऱ्यात किल्ले शोधावे लागत नाहीत, टाळावे लागतात. तोरिनोहून निघालेली बस सपाट शेतं मागे टाकते, इव्रेआ जातं, दोन्हीकडचे डोंगर जवळ सरकतात आणि मग खिडकीत एकामागून एक बुरूज यायला लागतात. टेकाडावर एक, समोरच्या कड्यावर दुसरा, द्राक्षमळ्यांच्या डोक्यावर तिसरा. माझा भाचा तोरिनोच्या पोलितेक्निकोत शिकतो. त्याने आधीच बजावून ठेवलं होतं, "आत्या, सगळे बघायचे म्हणशील तर मी आपला लेक्चरला बसतो." शेवटी तह झाला. मी किल्ले निवडायचे, जेवायचं कुठे ते त्याने ठरवायचं, आणि चढावर कोणी कोणाला बोलायचं नाही.

वाले द'आओस्ता हा इटलीचा सगळ्यात लहान प्रांत. क्षेत्रफळ जेमतेम ३,२६० चौरस किलोमीटर आणि वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. मधून दोरा बाल्तेआ नदी वाहते, आणि कडेला माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न, मोंते रोझा, ग्रान पारादिझो अशी आल्प्समधली बडी मंडळी उभी. जमिनीचा बहुतेक भाग उभ्या चढाचा, पिकणारा तुकडा थोडका. आणि एवढ्याशा मुलखात किल्ले, मनोरे आणि गढ्या मिळून शंभराच्या घरात बांधकामं आहेत. मला पहिल्यापासून खटकत होतं ते हेच. शेती बेताची, माणसं बेताची; मग एवढे किल्ले पोसले कोणी?

याचं उत्तर कुठल्याच किल्ल्यात मिळालं नाही. ते मिळालं दोन्नास नावाच्या गावाबाहेर, मुख्य रस्त्याला लागून. तिथे रोमनांचा रस्ता अजून शाबूत आहे. नदीकाठी कडा आडवा आलेला. रोमन इंजिनियरांनी तो वळसा घालून टाळला नाही, तासून काढला. तब्बल २२१ मीटर लांबीचा रस्ता डोंगराच्या अंगातून कोरून काढलाय. मध्येच त्याच कातळाची एक कमान सोडलेली आहे. ती काढली असती तरी रस्ता झालाच असता. मला तरी ती निव्वळ मिजास वाटते: बघा, आम्हाला काय काय जमतं! कमानीच्या पुढे कातळातच कोरलेला मैलाचा दगड आहे. त्यावरचा आकडा ३६ चा. इथून आओस्ता ३६ रोमन मैल.

पण माझे पाय खिळले ते खाली बघून. कातळाच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी दोन खाचा पाडल्या आहेत. मी वाकून एका खाचेत हात आडवा घातला तर तळवा आत गेला. कडा बोथट झालेल्या, तळ गुळगुळीत. लोखंडी धाव असलेलं चाक दगडाला किती वेळा घासलं म्हणजे अशी खाच पडेल, याचा हिशोब भाच्याने चालू केला आणि लगेच सोडूनही दिला. एक मात्र कळलं. या खोऱ्याचं खरं पीक म्हणजे हा रस्ता.

रोमनांनी इथल्या सालासी लोकांना मोडून इसवी सनपूर्व २५ मध्ये आओस्ता वसवलं, ते याच रस्त्यासाठी. आओस्तापाशी वाटेला फाटा फुटतो. एक वाट ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून, २,४६९ मीटर उंचीवरून, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये उतरते. दुसरी लिटल सेंट बर्नार्डवरून, २,१८८ मीटरवरून, फ्रान्समध्ये. रोमन गेले, पण वाट तीच राहिली. ९९० साली कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून परत गेला तो याच वाटेने. त्याच्या मुक्कामांची यादी टिकून आहे आणि तिच्या आधारे आजही लोक पाठीला सॅक लावून व्हिया फ्रांचिजेना, म्हणजे कँटरबरी ते रोम ही यात्रेची जुनी वाट, चालतात. यात्रेकरू, व्यापारी, सैन्यं, खेचरांचे तांडे. उत्तर युरोपातून इटलीत उतरायचं तर निवडायला वाटा फार नव्हत्या. आणि या वाटेवर डोंगर इतके जवळ येतात की काही ठिकाणी नदी आणि रस्ता यांच्याशिवाय तिसऱ्या कशाला जागाच उरत नाही. अशा जागी मनोरा बांधून चार माणसं बसवली की काम झालं. आपल्याकडे नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण आणि घाटावर नजर ठेवणारा जीवधन ज्यांनी पाहिलाय, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

म्हणून या खोऱ्याचा इतिहास मी लढायांपेक्षा जकातीच्या अंगाने वाचते. बार्दच्या अरुंद तोंडावर बसलेला तिथला सरदार वाटसरूंना इतका पिळायचा, की १२४२ साली साव्हॉय या इथल्या राज्यकर्त्या घराण्याच्या काउंटने त्याला हुसकून ती जागा स्वतःकडे घेतली. पिळवणूक थांबावी हा त्यात हेतू असेलही. पण बार्दचा नाका मात्र साव्हॉयच्या हातात गेला. त्याहून बोलका प्रसंग १२९५ चा. शालाँ हे इथलं सगळ्यात मोठं सरदारघराणं. आओस्ताची व्हायकाउंट ही मानाची पदवी पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे. त्या साली एबालो शालाँने ती पदवी साव्हॉयला देऊन टाकली आणि बदल्यात मोंजोव्हेचा किल्ला घेतला. मोंजोव्हे कुठे, तर खोऱ्याच्या गळ्यावर, जिथे नदी खडकातून वाट काढते आणि रस्ता तिच्या डोक्यावरून जातो. इतिहासकार या सौद्याची आणखी कारणं देतील. मला तर गडी हिशोबाचा पक्का वाटतो. मान दिला, नाका घेतला.

मोंजोव्हेचा किल्ला आज पडका आहे. वर दात पडलेल्या जबड्यासारखा तट आणि बुरुजाचा बुंधा. त्याच्या खालून आता तोरिनो–आओस्ता महामार्ग जातो, आणि हा महामार्ग टोलच्या बाबतीत इटलीभर बदनाम आहे. पुढे माँ ब्लाँच्या पोटातून फ्रान्सला जाणारा साडेअकरा किलोमीटरचा बोगदा १९६५ साली सुरू झाला. तिथे साध्या कारला एका खेपेचे पन्नास युरोंहून जास्त मोजावे लागतात. एबालोला हे बघून भरून आलं असतं.

बार्दबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मध्ययुग फारसं उरलेलं नाही, आणि ते नाहीसं केलं नेपोलियनने. मे १८०० मध्ये तो ग्रेट सेंट बर्नार्ड ओलांडून सुमारे ४०,००० फौज घेऊन उतरला, आणि बार्दच्या किल्ल्यात बसलेल्या जेमतेम ४०० ऑस्ट्रियन शिपायांनी त्याला जवळपास दोन आठवडे लटकवून ठेवलं. पायदळ डोंगरातल्या आडवाटेने पुढे काढता आलं, पण तोफांना रस्ताच लागतो, आणि रस्ता किल्ल्याच्या ऐन खालून, गावाच्या एकुलत्या एका गल्लीतून. शेवटी चाकांना पेंढा गुंडाळून, वाटेवर शेण-गवत पसरून रात्री अंधारात त्या तोफा ओढून नेल्या. ती गल्ली मी चालले. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील की काय असं काही ठिकाणी वाटतं. किल्ला पडल्यावर नेपोलियनने तो जमीनदोस्त करवला. आज दिसतो तो १८३० ते १८३८ दरम्यान पुन्हा बांधलेला. एकावर एक रचलेल्या करड्या बराकी, आत संग्रहालयं, आणि वर जायला काचेच्या लिफ्ट. गडावर लिफ्टने जाताना मला उगीच चोरट्यासारखं वाटलं. भाच्याला अजिबात वाटलं नाही.

खरा किल्ला बघायचा तर वेरेस. गावाच्या डोक्यावर कातळाचा सुळका, आणि त्यावर ठेवलेला दगडाचा एक ठोकळा. बाजू सुमारे ३० मीटरची, भिंती अडीच मीटर जाड. त्याआधीचे इथले बहुतेक किल्ले म्हणजे मध्ये एक चौकोनी मनोरा आणि भोवती ओबडधोबड तट. ग्रेन, क्लि अशा जागी त्यांचे अवशेष दिसतात. इब्लेतो शालाँने इथे तो जुना आराखडा बाजूला ठेवला. तट, बुरूज, बालेकिल्ला, राहायच्या खोल्या, सगळं एकाच घनात कोंबलं. दरवाजाजवळच्या शिलालेखात साल आहे १३९०. बाहेरून एकही बुरूज पुढे आलेला नाही. वर, तटाच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा सज्जा आहे, त्याच्या तळाला भोकं. भिंतीला येऊन भिडलेल्यांवर दगड टाकायची ती सोय.

गावातून चढ पाऊण तासाचा असेल असं समजून पाणी बांधून निघालो होतो. वीसेक मिनिटांत दरवाजात. आतमध्ये मधोमध चौक आणि चौकाच्या चारी बाजूंनी, अर्ध्या कमानींवर तोललेला दगडी जिना वर चढत जातो. पायऱ्यांचे दगड एवढे लांब की तीनजण शेजारी शेजारी चढावेत. आधार कशाचा, तर खालच्या कमानीचा. कमान कशावर टेकलीय, तर भिंतीवर आणि पुढच्या कमानीवर. मी वरच्या टप्प्यावरून खाली बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. कुठे नक्षी नाही, रंग नाही. खोल्या रिकाम्या. शेकोटीच्या जागा मात्र अशा अवाढव्य की आत पाट टाकून पंगत बसावी. स्वयंपाकघरात तर एका शेकोटीवर समाधान मानलेलं नाही. भिंतीत, तटाच्या जाडीत, संडासाच्या खोबणी. त्यात खालून भणाणता वारा. हिवाळ्यातल्या शिपायांची कीव आली.

गंमत अशी की एवढ्या जबरदस्त किल्ल्याची गावाला आठवण आहे ती लढाईची नाही, नाचाची. १५व्या शतकाच्या मध्यावर इथली वारस होती कातेरिना शालाँ. बापाने मृत्युपत्रात सगळं मुलींच्या नावे केलेलं, पण साव्हॉयच्या कायद्यात जहागिरी बाईकडे जात नसे, म्हणून चुलतभावाने दावा लावला. कातेरिना आणि तिचा नवरा पिएर द'इंत्रो झगडत राहिले. अशात एका सणाच्या दिवशी दोघं गडावरून गावच्या चौकात उतरली आणि तिथे जमलेल्या गावकऱ्यांबरोबर नाचली, अशी कथा. मालकीणबाई रयतेचा हात धरून नाचते ही तेव्हा साधी गोष्ट नव्हे. पुढे पिएर मारला गेला, कातेरिनाला शरण जावं लागलं, जहागीर चुलतभावाकडे गेली. पण वेरेसचा कार्निव्हल आजही तिच्याच नावाने होतो. दर वर्षी गावातली एक जोडी कातेरिना-पिएर होते आणि गडावर जेवणावळ उठते. खटला जिंकणाऱ्या चुलतभावाच्या नावाने काय होतं असं मी खाली कॉफीच्या दुकानात विचारलं. दुकानदारीणबाईंनी फक्त हात उडवला.

१५३६ मध्ये रेने शालाँने वेरेसला तोफांसाठी बाहेरचा तट घातला. पण १६६१ साली साव्हॉयने तोफा काढून बार्दला नेल्या आणि किल्ला ओस पडला. छप्पर गेलं, पाऊस आत आला. म्हणूनच आत सामानसुमान नाही आणि म्हणूनच मला तो आवडला. तिथे बघायला फक्त बांधकाम आहे.

आता नदी ओलांडून समोर या. वेरेसच्या गच्चीवरून खाली, झाडांत, इसोन्य दिसतं. पण तो किल्ला आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. बाहेरून जरा मोठंसं, बंद चेहऱ्याचं घर. ते पाहून भाचा म्हणाला, "हे कॅन्सल करायचं का?" तिथे गटागटानेच आत सोडतात, आमच्या गटात इटालियन आजी-आजोबांचा भरणा. दरवाजा उघडला आणि आजी-आजोबांसकट सगळेच गप्प झाले. आत चौक, बाग, चौकाच्या भिंतींवर घराण्याच्या ढालींची रांग, आणि मधोमध कारंजं. आठकोनी कुंडातून लोखंडाचं डाळिंबाचं झाड उगवलंय. घडीव लोखंडाच्या फांद्या, पानं, फळं. फांद्यांच्या आधाराने नळातून पाणी पडतं. जरा न्याहाळून पाहिलं तर पानं डाळिंबाची वाटत नाहीत, ओकची वाटतात. लोहाराने फळ ऐकून घडवलं असावं आणि पान खिडकीबाहेरचं.

१५व्या शतकाच्या शेवटाला जॉर्ज द शालाँ या धर्माधिकाऱ्याने हा वाडा नव्याने बांधून काढला, भाऊबंदातल्या विधवा बाई मार्गरित द ला शाँब्र आणि तिचा मुलगा फिलिबेर यांच्यासाठी. वेरेसपासून शंभरेक वर्षं आणि एक नदी, एवढंच अंतर. पण तिथे खिडकी म्हणजे फट होती, इथे खिडकी म्हणजे खिडकी आहे. पैसा आता सुरक्षित होता आणि दाखवायलाही हरकत नव्हती.

आणि दाखवलाय कसा, ते ओसरीत बघावं. कमानींखाली भिंतीच्या वरच्या अर्धगोलांत चित्रं आहेत. विषय काय? देव नाहीत, राजे नाहीत, शिकार नाही. दुकानं! एका कमानीत शिंप्याकडे कापड बेतलं जातंय, मागे ठाणांच्या घड्या. एकीत औषधांचं दुकान: फळीवर बरण्यांची रांग, आणि पुढे एकजण खलबत्त्यात काहीतरी कुटतोय. एकीत पाव भट्टीत जातोय, शेजारी मांस. एकीत फळं आणि भाजीचा बाजार भरलाय, बायका टोपल्या घेऊन बसल्यात, गिऱ्हाइकं घासाघीस करतायत. एकीत चीज रचून ठेवलंय. त्यात या खोऱ्याचं फोंतिना चीज पहिल्यांदा चितारलं गेलंय असं इथले लोक अभिमानाने सांगतात. आणि एकीत पहारेकऱ्यांची खोली. हत्यारं भिंतीला नीट टांगलेली, आणि मालक मंडळी टेबलाभोवती डाव मांडून बसलेली.

सरदाराने आपल्या ओसरीत बाजार का रंगवला असेल यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. शांतता आणि सुबत्ता यांची जाहिरात, असा त्याचा गोषवारा. मला तर तिथे चाकाच्या त्या खाचा आठवल्या. शंभर-दोनशे वर्षं वाट अडवून ज्या मालावर जकात घेतली, तोच हा माल. कापड, औषधं, मसाले, धान्य. देणं ज्याचं होतं त्याला निदान भिंतीवर जागा मिळाली.

इसोन्यच्या भिंतींवर आणखी एक पीक आहे. जिन्यांत, बोळांत, खिडकीच्या कडेला आलेल्या-गेलेल्यांनी टोकदार वस्तूने खरडलेला मजकूर. शेकडो ठिकाणी. फ्रेंचमध्ये, लॅटिनमध्ये. तारखा, नावं, प्रेमाच्या गोष्टी, चेष्टा, आणि हो, पैशाची रड. गडावर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांना आपण हातात काठी घेऊन शोधतो, आणि इथे त्याच खरडीला काचेचं संरक्षण देण्याइतकी किंमत. चारशे वर्षं उलटली की गुन्हा कागदपत्र होतो. आमची वाटाडी मुलगी एकेका ओळीवर बोट न टेकवता, हवेतच अक्षरं गिरवत वाचून दाखवायची. आजी-आजोबांपैकी एका गृहस्थांनी नातवाला कोपराने ढोसून सांगितलं ते मला भाषा न येताही कळलं.

रेने शालाँ १५६५ मध्ये गेला. मुलगा नव्हता. दोन मुली, त्यातली थोरली घरातून पळून गेली, म्हणून ठरलेलं स्थळ धाकटीला मिळालं आणि वाडा तिच्या सासरी, त्रेंतोच्या मद्रुत्सो घराण्याकडे गेला. मग नेहमीचंच. वाटण्या, भांडणं, सामानाची पांगापांग. १८७२ साली व्हित्तोरिओ आव्होन्दो नावाच्या तोरिनोच्या चित्रकाराने तो विकत घेतला, पदरमोड करून दुरुस्त केला, जुनं फर्निचर हुडकून आणलं, आणि १९०७ मध्ये सरकारला देऊन टाकला. आव्होन्दोचं मला फार कौतुक वाटलं. इसोन्यला मी गेले ते शालाँचं घर बघायला, पण जे पाहिलं ते त्याने जपलेलं.

फेनिसचं तसंच, पण तिथे माझी कुरकुर आहे. खोऱ्याच्या जाहिरातीत जो किल्ला असतो तो हा. दुहेरी तट, गोल-चौकोनी मनोऱ्यांचं दाटीवाटीने उभं राहणं, चर्या, टोकदार छपरं, सगळं कसं चित्रात काढल्यासारखं. आणि उभा कुठे, तर जवळपास सपाटीवर! कडा नाही, खंदक म्हणावा असा खंदक नाही. एमो शालाँ आणि त्याचा मुलगा बोनिफास यांनी १४व्या शतकापासून तो वाढवत नेला, आणि बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी एवढाच त्या बुरुजांचा उपयोग. धडकी भरवायचं काम त्यांनी चोख केलं असणार. आतला चौक मात्र खरंच सुंदर. अर्धगोल पायऱ्यांचा जिना, त्याच्या डोक्यावर भिंतीत घोड्यावरून ड्रॅगनला भाला मारणारा सेंट जॉर्ज, वर दोन मजले लाकडी सज्जे, आणि सज्जांच्या भिंतींवर हातात गुंडाळ्या धरलेले दाढीवाले शहाणे पुरुष. गुंडाळ्यांवर जुन्या फ्रेंचमध्ये म्हणी. चित्रं तोरिनोच्या जाकोमो जाकेरिओ या चित्रकाराच्या परंपरेतली, १५व्या शतकाच्या सुरुवातीची.

हे शहाणे पुरुष पुढे गुरांना उपदेश करत राहिले. १७१६ मध्ये शालाँनी किल्ला विकला, त्याचा गोठा आणि धान्याचं कोठार झालं. १८९५ साली आल्फ्रेदो द'आन्द्रादेने, लिस्बनमध्ये जन्मलेल्या आणि इटलीचा होऊन गेलेल्या चित्रकाराने, तो घेतला आणि उभा केला. त्याच माणसाने १८८४ च्या तोरिनो प्रदर्शनासाठी नदीकाठी एक अख्खं मध्ययुगीन गाव बांधलं होतं, त्यात फेनिसच्या चौकाची आणि इसोन्यच्या डाळिंबाची नक्कल. भाचा तिथे रविवारी पळायला जातो, फेनिसच्या चौकात शिरल्या शिरल्या म्हणाला, "अरे, हे तर आमच्या बागेतलं!" अस्सल बघून नक्कल आठवावी, यात त्याचा दोष नाही. फेनिसला १९३० च्या दशकात पुन्हा डागडुजी झाली, जुन्या घाटाचं सामान आणून मांडलं गेलं, आणि कुठे १४०० संपतं आणि १९०० सुरू होतं ते सांगणं अवघड होऊन बसलं. द'आन्द्रादे नसता तर गोठाही पडला असता, हे मान्य. तरी वेरेसच्या ओक्याबोक्या जिन्यावर जे मिळालं ते इथे मिळालं नाही.

जुने किल्ले सजवणाऱ्या मंडळींच्या हौसेला काही वेळा लगाम नव्हता. साँ-पिएरचा किल्ला दुरून परीकथेतला दिसतो, कारण त्याच्या मनोऱ्याला चार कोपऱ्यांत चिमुकले बुरूज आहेत. ते बसवले १९व्या शतकात. सगळ्यांचे मोबाइल त्याच्याकडे वळतात, आणि त्याच गावातली सारिओ द ला तूर ही बैठी गढी लोकांच्या नजरेतून सुटते. तिच्यातल्या एका दालनाचं लाकडी छत १४३० च्या सुमाराचं. तुळयांखाली १७१ कोरीव तोडे, आणि प्रत्येकावर वेगळं तोंड. जीभ काढलेलं, गाल फुगवलेलं, दोन डोक्यांचं, माकडाचं, पाद्र्याचं, काही चारचौघांत वर्णन न करण्यासारखी. मालकाने सुताराला विषय दिला होता की फक्त मजुरी, कुणास ठाऊक. मान मागे टाकून मी छत बघत होते आणि भाचा पहिल्यांदाच माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबला. थोडं पुढे सारला इटलीच्या राजाचा शिकारवाडा आहे, त्याने १८६९ मध्ये विकत घेतलेला. तिथल्या दालनाच्या भिंती छतापर्यंत आयबेक्स आणि शॅमॉय या रानबकऱ्यांसारख्या डोंगरी प्राण्यांच्या हजारो शिंगांनी मढवल्या आहेत. आयबेक्स १९व्या शतकात फक्त ग्रान पारादिझोच्या अंगणात शंभरेक उरला होता. राजाने शिकारीसाठी राखीव केलं म्हणून तो वाचला, आणि तीच जागा १९२२ मध्ये इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाली. त्या दालनात कौतुक करावं की नाक मुरडावं ते ठरेना, म्हणून लवकर बाहेर पडले.

शातियाँ गावाच्या वर उस्सेलचा किल्ला आहे, वेरेससारखाच एकसंध ठोकळा, वेरेसच्या आधीचा. तो विकत घेऊन, दुरुस्तीला पैसे देऊन प्रांताच्या हवाली केला मार्सेल बिकने. बिक म्हणजे बॉलपेनवाला बिक. घराणं मूळचं या खोऱ्यातलं. आपल्याकडची सेलो पेनं पुढे याच कंपनीने घेतली. तेव्हा दहावीला आपल्यातल्या कुणीकुणी त्या किल्ल्याच्या दात्याच्या वारसांना हातभार लावलाही असेल.

आओस्ता शहरात मनोऱ्यांचं गणित निराळं. रोमनांनी शहराभोवती आयताकृती तट घातला, त्यात वीस बुरूज. मध्ययुगात सरदारांनी आयता पाया पाहिला आणि त्यावर आपापले मनोरे चढवले. म्हणून रस्त्यात उभं राहिलं की खाली रोमन चिरा आणि वर १२व्या-१३व्या शतकाचा ओबडधोबड दगड, असा दोन हातांनी शिवलेला सदरा दिसतो. ब्रामाफाम नावाच्या मनोऱ्याबद्दल सांगतात की कुणा संशयी शालाँने बायकोला तिथे उपाशी मारलं. खरं-खोटं देव जाणे. पण शेजारच्या कुष्ठरोग्याच्या मनोऱ्याची गोष्ट खरी आहे. पिएत्रो बेर्नार्दो गुआस्को नावाच्या माणसाला कुष्ठरोग झाला म्हणून १७७३ पासून १८०३ मध्ये मरेपर्यंत तिथे वेगळं ठेवलं. तीस वर्षं. त्याच्यावर १८११ मध्ये फ्रेंच कथाही निघाली आणि मनोरा प्रसिद्ध झाला. किल्ल्यांत बंदिवान असतात ते राजकारणाचे, अशी माझी समजूत. हा बिचारा आजारपणाचा बंदी. उत्तर-पूर्व कोपऱ्यातला बेलिफचा मनोरा तर चक्क १९८० च्या दशकापर्यंत तुरुंग होता. आता तिथे संगीताचं विद्यालय आहे. आम्ही गेलो तेव्हा आतून कुणीतरी ट्रंपेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकवत होतं.

कुणी जाणार असाल तर माझा सल्ला ऐका. हातात एकच दिवस असेल तर फेनिसचा मोह आवरा आणि वेरेस-इसोन्य करा. दोन्ही मिळून एक गोष्ट आहे आणि मध्ये फक्त नदीचा पूल. सकाळी वेरेस चढा, दुपारी खाली पोलेंता खा. मक्याच्या पिठाच्या ढिगावर फोंतिना वितळवून देतात. मग चालत इसोन्यला. दोन दिवस असतील तर दोन्नासचा रस्ता आणि बार्दची गल्ली आधी करा, म्हणजे पुढचं सगळं कळतं. आत सोडायच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या बघून निघा. आणि बसने जा. टोल वाचतो.